मोठीचं पान

अक्का गेल्या त्याला आता पुरता पावसाळा उलटला. त्यांच्या मुलानं, मधूनं, जळगावहून माझ्या शाळेत फोन केला होता. शिपाई वर्गाच्या दाराशी आला, मी ऑफिसात जाऊन फोन घेतला, "बरं" म्हणाले, आणि परत येऊन मुलींचा राहिलेला धडा पुरा केला. त्या वेळी काय वाटलं ते नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. काही वाटल्याचं आठवत नाही. अजूनही फारसं वाटत नाही. सकाळी परसात गेलं की गिलकी, म्हणजे घोसाळी, दिसतात, ती तोडायला हवीत हे कळतं, आणि मी तशीच आत येते. यंदा तो वेल कोणी लावला नव्हता. गेल्या वर्षीचं बी पडलं होतं, त्यातून आपोआप आला आणि भिंतीवरून धाब्यावर चढला.

धुळ्याच्या या गल्लीत मी लग्न होऊन आले तेव्हा नाना आणि अक्का मागच्या तीन खोल्यांत राहत आणि पुढच्या दोन आम्हाला भाड्यानं दिलेल्या होत्या. नाना कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. मधू हा त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा शाळेत होता. मी नुकतीच मुलींच्या शाळेत नोकरीला लागले होते. सामानात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. टांग्यातून ती उतरवताना अक्का ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. शेवटचा गठ्ठा आत गेल्यावर म्हणाल्या, "बाई, इतलं वाचीसन मंग रांधशी कवय?"

मी म्हटलं, "ते रांधतात."

"मंग बरं शे," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळानं मधूच्या हाती दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. दोघांपैकी कोणालाच रांधता येत नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

अक्का बोलायच्या अहिराणी. माझ्याशी बोलताना मधूनमधून शाळेतली मराठी घालायचा प्रयत्न करायच्या, पण दोन वाक्यांनंतर कंटाळून सोडून द्यायच्या. माझं माहेर जळगावचं, आजोळ पाचोऱ्याकडचं, त्यामुळे मला अडत नसे. बुटक्या, रुंद हाडाच्या, नऊवारीचा काष्टा नेहमी गुडघ्याच्या थोडा खालीच. चालताना हात मोकळे ठेवत नसत. काही नसलं हातात तर अंगणातली काडी उचलून घेत आणि चुलीपर्यंत नेऊन टाकत.

त्यांचं वर्ष भाद्रपदात सुरू होई असं मला नेहमी वाटे. गणपती गेले, पाऊस ओसरला, की घराची कामं निघत. आधी धाबं. आमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. पावसाळ्यात त्यावर हातभर गवत माजे. ते माती ओली असतानाच मुळासकट उपटावं लागे, कारण वाळल्यावर ओढलं तर वरचं तुटतं आणि मूळ आत कुजून तिथून पुढच्या वर्षी पाणी गळतं. अक्का शिडी लावून वर जात. खालून फक्त गवताचे पेंढे पडताना दिसत आणि मधूनच आवाज येई, "आपला डोकावर वावर शे बाई, सरकारले कळनं तं शेतसारा लाई दी." मग त्याच मातीचा लगदा करून भोकं बुजवायची. मग चूल नव्यानं लिंपायची. मग पितृपक्ष सरत आला की चुना, गोधड्या, फडताळातले डबे, आणि नवरात्र. पण पितृपक्षाच्या आधी परसाकडे लक्ष जास्त. न्हाणीच्या पाण्यावर आळू, कुंपणाला कारली, उकिरड्याशेजारी डांगर, कडेनं गवार, आणि भिंतीवर गिलक्याचा वेल. पितरांच्या पानावर ज्या ज्या भाज्या लागतात त्या सगळ्या. बाजारात त्या पंधरवड्यात गवारीचा भाव चढतो, पण अक्का त्यासाठी लावत नव्हत्या हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

तोपर्यंत त्यांच्या बोलण्यात 'मोठी' असा एक शब्द यायचा. मला वाटे की मोठी बहीण, किंवा मोठी जाऊ. "हाई गिलकानं बी मोठीनं शे." "मोठीनी लायेल कढीपत्ता." एकदा मी विचारलं, "मोठी कुठे असतात?"

अक्का गिलक्याला आधाराची सुतळी बांधत होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "वर."

मला वाटलं धाब्यावर. मी वर पाहिलंही.

मोठी म्हणजे नानांची पहिली बायको. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ऐन श्रावणात तापानं गेली. मूल नव्हतं. त्याच मार्गशीर्षात अक्का या घरात आल्या. त्या आल्या तेव्हा भिंतीवरचा वेल वाळलेला होता आणि त्याला वाळकी गिलकी लोंबत होती, हलवली की आत बी वाजे. सासूनं सांगितलं, उपटून टाक. अक्कांनी आधी बी काढून घेतलं, मग वेल उपटला. तेव्हापासून तेच बी दर वर्षी.

"मी तिले दखेल नही," त्या म्हणायच्या. फोटो नव्हता. देव्हाऱ्यात एक लहानसा चांदीचा टाक होता, दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीचा ठेवायचा असतो तसा. घरात नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं आणि मग नेसायचं. हे सगळ्याच घरी करतात. पण अक्कांचं तेवढ्यावर भागत नसे. सवतीबद्दल बायका जसं बोलतात, मेलेल्या सवतीबद्दलही, तसं त्या कधी बोलल्या नाहीत. त्या तिच्याबद्दल असं बोलत, जसं नवी सून घरातल्या थोरल्या सुनेबद्दल बोलते: थोड्या धाकात, थोड्या लाडात. "हाई घर तिनं शे. मी मांगून उनू."

स्वयंपाकघरात एक फळी होती. फार उंच. अक्कांना मिठाचा डबा काढायचा तरी पाटावर पाट ठेवून चढावं लागे. दर वर्षी चुना द्यायला येणारा गवंडी म्हणे, अक्का, फळी वीतभर खाली घेऊन देतो. अक्का म्हणत, "नको. मोठीनी ठेवेल शे." मोठी उंच होती हे त्यांनी त्या फळीवरून ठरवलं होतं. चुलीचं तोंड आग्नेयेला का, उखळ दाराशी का, सगळ्यावरून त्यांनी एक बाई उभी केली होती: उंच, डावखुरी, तिखट खाणारी, सकाळी लवकर उठणारी.

भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान असतं. तिच्या जागी एक सवाष्ण बोलावतात, तिला जेवू घालतात, ओटी भरतात. आमच्या पहिल्याच वर्षी अक्का आदल्या संध्याकाळी कुंकवाचा करंडा घेऊन दारात आल्या. "सकाय तू जेवाले ये. मोठी म्हनीसन."

मी पुस्तकं वाचलेली मुलगी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि नाही म्हणण्याइतका अविश्वासही नव्हता. हे रात्री म्हणाले, "उद्या तू कोण म्हणून जेवणार आहेस ते नीट विचारून घे. परत येताना तूच ये म्हणजे झालं."

दुपारी पाटावर बसले. पुढे केळीचं पान. भात, कढी, उडदाचे वडे, खीर, पुरी, आळूची भाजी, गवार, डांगर, गिलक्याची भजी, कारलं. आधी चुलीतल्या निखाऱ्यावर तुपाचा थेंब आणि एक घास टाकला, धाब्यावर कावळ्याला वाढलं. नाना धुतलेलं धोतर नेसून बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

मी पहिला घास घेतला आणि अक्का माझ्यासमोर बसल्या, पंखा हातात घेऊन, आणि बोलायला लागल्या. माझ्याशी नव्हे. आधी मला कळलंच नाही.

"औंदा तुना माठ फुटना वं. जुना व्हता. मांजरनी पाडा, मी नही. मधू पास व्हयना, गणितमा कमी पडनात. धाबं मांगलाकडून गळनं, आते बुजाडं शे. तुना नवरा काही आयकत नही. रातभर खोकस, काढा दिधा तं पेस नही. तूच सांग त्याले."

त्या दिवशी नाना त्यांचे नव्हते. "तुना नवरा." बाहेर ओट्यावर नाना खोकले.

मला काही बोलायचं नव्हतं. मान हलवली तरी पुरे होई. वर्षभराचं सगळं त्या सांगत. कोणाचं लग्न झालं, शेजारची कोण भांडली, परसात काय आलं, काय किडलं. मधूनच विचारत, "वड्याले मीठ बराबर शे ना?" आणि हे मला की तिला ते कळत नसे. मी म्हणे, बरोबर आहे. जेवण झालं की हात धुवायला पाणी घालताना त्या पुन्हा नेहमीच्या होत. "बाई, परीक्षाना पेपर तपासी झाया का?"

त्यानंतर दर वर्षी मी मोठी म्हणून जेवत आले. सवय झाली. इतर दिवशीसुद्धा कधी अक्का माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या की मला वाटे, या आता काही सांगतील आणि ते माझ्यासाठी नसेल.

एका वर्षी मोठीची धाकटी बहीण भडगावहून डोळे दाखवायला धुळ्यात आली आणि नेमकी नवमीला घरी होती. तिला माझ्या शेजारी बसवलं. अक्का तिच्याशी फार आदरानं वागत होत्या, वाढताना दोनदा पदर सारखा केला. कारलं वाढायला आल्या तसं ती हसून म्हणाली, "आमच्या ताईला कारलं दाखवलं तरी उलटी यायची. लहानपणी आई कारलं चिरायला बसली की ती पळून जायची."

अक्कांच्या हातातली पळी तशीच राहिली. मग त्यांनी ती भांड्यात ठेवली.

"उंच व्हती ना?" त्यांनी विचारलं.

"कोण, ताई? छे. तुमच्याएवढीच. जरा कमीच."

"मंग ती फळी?"

बहिणीनं वर पाहिलं. "ती तर तुमच्या सासूबाईंनी मारून घेतली. मांजर येत होतं म्हणून. ताई ओरडायची, डबा निघत नाही म्हणून."

अक्कांनी कारल्याचं भांडं उचलून आत नेलं. त्या वर्षीचा अहवालही झाला नाही. संध्याकाळी मी परसात गेले तर त्या कारल्याच्या वेलाजवळ उभ्या होत्या. "इतला वरीस मी तिले कारलं वाढं," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत करी लेवाले पाहिजे व्हतं."

घटस्थापनेच्या आधी गवंडी आला तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं, फळी खाली घे. घेतली. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मीठ काढायला त्यांचा हात आधी वर जाई, नुसत्या भिंतीला लागे, आणि मग खाली येई.

कारल्याचं मात्र अडलं. श्राद्धाच्या पानावर कारलं लागतंच. त्यांनी बराच विचार केला असावा. पुढच्या नवमीला पानाच्या अगदी टोकाला कारल्याची एकच फोड वाढली. निखाऱ्यावर घास टाकून झाला, हात जोडून झाले, आणि मी जेवायला लागणार तेवढ्यात वाकून ती फोड उचलून घेतली. "शास्त्रनी खाई लिधं. आते तू खा."

ओट्यावरून नाना हसल्याचा आवाज आला. नाना हसले असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नानांबद्दल मला फार सांगता येणार नाही. ते कमी बोलत आणि बोलले तर वजनाबद्दल बोलत. एकदाच, मधूची मुंज करायच्या खटपटीत ते आमच्याकडे यांना भेटायला आले होते, आणि बोलता बोलता परसाकडे बघत म्हणाले, "पहिलीचं इतकं कोणी केलं नाही हो. ती होती तेव्हा मीसुद्धा नाही." मग चहा पिऊन गेले.

ते गेले तेव्हा मधूचं लग्न झालेलं होतं. खोकल्याचंच निमित्त झालं. अक्का रडल्या, जेवढं रडायला पाहिजे तेवढं. मग कपाळ आणि हात मोकळे झाले आणि त्या कामाला लागल्या. वर्षश्राद्ध झालं. पुन्हा भाद्रपद आला. अक्का धाब्यावर चढल्या, गवत उपटलं, आळू, गवार, डांगर सगळं वेळेवर आलेलं होतं. गणपती गेल्यावर त्यांच्या जाऊबाई आल्या. नानांच्या थोरल्या भावाची बायको, पलीकडच्या गल्लीत राहत, सगळे त्यांना जिजी म्हणत. भावकीतलं कोणतं श्राद्ध कधी आणि कोणाचं, हे जिजी सांगत आणि भटजीसुद्धा त्यांना विचारून घेई.

मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. दार उघडं होतं.

जिजी म्हणाल्या, "परस देखं मी. नवमीनी तयारी दिखस."

अक्कांनी त्यांना बसायला पाट दिला.

"नवमी नवरावर ऱ्हास. नवरा गया, नवमी गयी. ती आते कसानी अविधवा? ती बी तुनासारखीच व्हयनी."

"जिजी, चहा ठेवू?"

"चहा ठेव. पन ध्यानमा ठेव. तुना हात मोकळा. मोकळा हातनी सवाष्ण जेवाडशी का? घरमा पोटुशी पोर शे. एकदाव काय व्हयनं ते माहीत शे ना तुले? पुन्हा काही व्हयनं तं?"

मधूच्या बायकोचं, कुसुमचं, आदल्या वर्षी पहिल्या खेपेला पोटातलं गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. ती आतल्या खोलीत होती आणि तिनंही हे ऐकलं असणार. जिजी वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता. नियम सांगावा तसा सांगितला, चहा घेतला, कुसुमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

संध्याकाळी मधू कामावरून आल्यावर म्हणाला, "आई, बाबांच्याच पानात तिचंही आलं. वेगळं कशाला?" त्याचंही चूक नव्हतं. अक्का हो म्हणाल्या.

पण त्यानंतर त्यांच्या हातात काडीसुद्धा दिसेना. त्या परसात जाऊन नुसत्या उभ्या राहत. गिलकी तोडून दारोदार वाटून टाकली. डांगर जिजींकडे पाठवलं. एकदा विहिरीवर मला म्हणाल्या, "तिले तं कोनी सांगेल नही." मी विचारलं, काय. तर म्हणाल्या, "की आते येवू नको म्हनीसन. ती येई, बसी ऱ्हाई, पान मांडेल नही दखी, आनि भुकीच चालनी जाई." आणि लगेच, "आनि कुसुमले काही व्हयनं तं?" दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच आवाजात म्हटली. एकीकडे पाटावर येऊन बसणारी बाई आणि दुसरीकडे सुनेच्या पोटातलं मूल. यात कोणाला उपाशी ठेवायचं आणि कोणाला धोक्यात घालायचं हे त्यांना एकटीला ठरवायचं होतं, आणि दोघांपैकी कोणालाही विचारता येत नव्हतं.

नवमीच्या सकाळी अक्का माझ्याकडे आल्या. करंडा नव्हता. "दुपारले परसमा ये. काही नही. आळू निवडानं शे."

रविवार होता म्हणून मी घरी होते. गेले. परसात जुनं पोतं अंथरलं होतं. त्यावर आळूची पानं होती, पण निवडायला म्हणून अगदी थोडी. आम्ही दोघी ती सोलत बसलो. थोड्या वेळानं अक्का आत गेल्या आणि जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, साध्या ताटलीत भात, आदल्या दिवशीची म्हणावी अशी गवार आणि एक वडा घेऊन आल्या. पान नाही, पाट नाही, कुंकू नाही, निखाऱ्यावर काही टाकलं नाही. कोणीही पाहिलं असतं तर शेजारीण शेजारणीला उरलंसुरलं वाढते आहे एवढंच दिसलं असतं. अक्कांनी ते तसं मुद्दाम केलं होतं, माणसांना दिसू नये म्हणून, आणि कदाचित वरच्या नियमांनाही दिसू नये म्हणून.

"खाई ले," त्या म्हणाल्या. मग आळूचा देठ सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, अगदी हळू बोलायला लागल्या. नाना कसे गेले. शेवटचा काढा प्यायले. त्रास फार झाला नाही. "तुनाकडेच उना व्हईन. दखी ले." मधूची बदली जळगावला होईल असं म्हणतात. कुसुमला दिवस आहेत. "तिना अंगले हात लावू नको. आशीर्वाद दूरथीनच दे."

तेवढ्यात मागच्या दारानं जिजी आल्या. माझ्या हातात ताटली, तोंडात घास. जिजींनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं.

"काय चालनं?"

"भाजी जास्त व्हयेल व्हती," अक्का म्हणाल्या.

जिजींनी चपला काढल्या. मग पोत्याच्या कडेला बसल्या आणि आळूचं एक पान ओढून घेतलं. "तुनं आळू नेहमीच खाजरं ऱ्हास," म्हणाल्या, आणि सोलायला लागल्या.

पौषात कुसुम बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. बातमी आली तेव्हा अक्का चुलीपाशी होत्या. खाली बसल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी दारातून पाहिलं आणि परत फिरले.

पुढे काही वर्षं ते असंच चाललं. कधी आळू, कधी शेंगा, कधी वाल सोलायचे असत. मग एका वैशाखात आमचे हे गेले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्या वर्षीचा पावसाळा कसा गेला ते मला सांगता येत नाही. शाळेत जात होते, शिकवत होते, पुस्तक उघडून बसत होते, पान तेच राही. भाद्रपदात अक्का दारात आल्या.

मी म्हटलं, "अक्का, मी आता चालत नाही. दुसरी कोणी बघा."

"कोनी सांगं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

अक्का उंबऱ्यावर बसल्या. "जिजीनी नही का सांगेल? मोठी बी आते आपलासारखीच शे. मंग तिना समोर तुले काबरं लाज?" आणि माझा हात धरून, "ऊठ. वाल सोलाना शेत."

त्या दिवशी त्यांनी दोन ताटल्या आणल्या आणि पहिल्यांदाच माझ्याबरोबर जेवल्या. घरातलं काही सांगितलं नाही. ऊन तापत होतं. जेवण झाल्यावर मला समजलं की वैशाखापासून मी पोटभर अशी जेवलेच नव्हते. त्याचं विशेष काही वाटलं नाही. फक्त समजलं.

पुढच्या उन्हाळ्यात मधूची बदली झाली आणि तो अक्कांना जळगावला घेऊन गेला. मागच्या खोल्यांना कुलूप लागलं. जाताना परस मला सांभाळायला सांगितलं, आणि मला ते नीट जमलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, सर्वपित्रीला, म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. जळगावला माहेरी गेले होते, परतीच्या एस.टी.च्या आधी मधूकडे डोकावले. नव्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर घर. गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस, एवढंच परस. अक्का तिथे स्टुलावर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. पंधरवडाभर तापात पडून आता कुठे उठल्या होत्या. कुसुमची मुलगी त्यांच्या पायाशी पाटीवर काही गिरवत होती.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. धाबं गळतं का, गवत उपटलं का, जिजी कशा आहेत. मग कुसुम आत चहा टाकायला गेली तसं अक्का आवाज खाली करून म्हणाल्या, "औंदा व्हयनं नही. नवमीले माले उठता येत नव्हतं. पहिलींदाव."

मी म्हटलं, "ताप होता. ती समजून घेईल."

त्यांनी ते ऐकलं नसावं. गॅलरीच्या गजाला धरून त्या खाली रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तू शिकेल शे म्हनीसन विचारस. तिनी माले कधी दखेल नही. मी तठे गयू तं ती माले वळखी का वं?"

कुसुम चहा घेऊन आली. अक्कांनी बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून बसल्या. एस.टी.ची वेळ झाली होती, मी उठले, नातीच्या हातात खाऊ दिला, जिना उतरले.

रस्त्यावर आल्यावर वर पाहिलं. अक्का उठून गॅलरीत उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तळहात ओला करून पांढरे केस चापून बसवत होत्या, पदर खांद्यावरून पुन्हापुन्हा नीट घेत होत्या, मुलीला बघायला पाहुणे येणार असले की ती आतल्या खोलीत जसं करते तसं.